चोर सोडून संन्याशाची ट्रंक

गेल्या महिन्यातली गोष्ट. रात्री साडेदहाच्या सुमारास हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावरची चार मुलं माझ्या क्वार्टरच्या दारात उभी. एकाचा लॅपटॉप गेला होता. "सर, कोणी घेतला ते आम्हाला माहीत आहे. फक्त त्याची रूम उघडायची परवानगी द्या." मी विचारलं, कशावरून? उत्तर तयार होतं. "सर, तो सायको आहे. कुणाशी बोलत नाही, रात्रभर जागा असतो, मागच्या सेमला त्याने मेसमध्ये ताट फेकून मारलं होतं."

मी परवानगी दिली नाही. मुलं नाराज होऊन गेली. जिना उतरताना एकजण म्हणाला ते मला ऐकू आलं, "सर पण ना, फारच सज्जन आहेत."

मित्रांनो, मी सज्जन वगैरे काही नाही. मी अशी एक ट्रंक स्वतःच्या हाताने उघडलेली आहे, म्हणून ही दुसरी उघडू दिली नाही. ती गोष्ट आज इथे लिहून टाकतो.

२००४ साली मी सेकंड इयरला होतो, दुसऱ्या एका कॉलेजच्या हॉस्टेलवर. गणपतीची वर्गणी गोळा झाली आणि त्यातले चौदा हजार रुपये नाहीसे झाले. चौदा हजार म्हणजे त्या काळी एका मुलाचं वर्षभराचं मेसबिल! पैसे खजिनदाराच्या कपाटात होते. खजिनदार म्हणजे आमच्या हॉस्टेलचा हिरोच. गॅदरिंगचं निवेदन तोच करणार, रेक्टरांच्या घरी "काकू, काही आणायचंय का?" म्हणून तोच डोकावणार, कुणाची केटी लागली तर रात्रभर शेजारी बसून तोच शिकवणार. तो बिचारा डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "मला कुणाचं नाव घ्यायचं नाही. पण परवा संध्याकाळी सतरा नंबरवाला माझ्या रूमपाशी घुटमळत होता."

बस्स! सतरा नंबरवाल्याबद्दल सगळ्यांचं मत आधीच झालेलं होतं. डोकं तापट, दोनदा मारामाऱ्या केलेल्या, मेसची काच फोडून दंड भरलेला. आम्ही सातजण त्याच्या खोलीत घुसलो. दोघांनी त्याला धरलं आणि कुलूप मी तोडलं. ट्रंकेत निघालं काय? दोन शर्ट, चिवड्याचा डबा, ड्रॉइंगची पेटी आणि स्कॉलरशिपच्या फॉर्मच्या झेरॉक्स. तरी आमची खात्री हलली नाही. "बाहेर लपवले असतील." आठवड्याभरात तो हॉस्टेल सोडून गावात खोली घेऊन राहायला गेला.

दिवाळीनंतर मांडववाला आणि लाउडस्पीकरवाला एकाच दिवशी आले. त्यांना एक पैसा मिळाला नव्हता. खजिनदाराच्या वहीत मात्र दोघांच्याही पावत्या होत्या, सही-शिक्क्यासकट. कपाटातून पैसे कधी गेलेच नव्हते. ते गणपतीच्या आधीपासूनच थोडे थोडे झिरपत होते आणि हिशेब जुळेना तेव्हा चोरीची कथा रचली गेली होती.

मानसशास्त्र हा माझा विषय नाही, मी मशीन डिझाइन शिकवतो. पण ती ट्रंक डोक्यातून जाईना. आम्ही सातही जण मूर्ख नव्हतो, मग इतके कसे चुकलो? या प्रश्नापायी जमेल तसं वाचत गेलो. त्यातून जे समजलं ते सांगतो.

२००२ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या डेलरॉय पॉलहस आणि केव्हिन विल्यम्स या दोघांनी एक शोधनिबंध लिहिला. त्यात त्यांनी तीन स्वभावांना एकत्र नाव दिलं, 'डार्क ट्रायड', म्हणजे काळं त्रिकूट. पहिला नार्सिसिझम, म्हणजे स्वतःवरच भाळणं. मी खास आहे आणि जगाने तसं वागवलंच पाहिजे हा हट्ट. दुसरा मॅकियाव्हेलीपणा. हे नाव इटलीच्या मॅकियाव्हेलीवरून आलं असलं तरी आपल्याला शकुनीमामा म्हटलं की पुरे. थंड डोक्याने, दूरचा विचार करून माणसांचे फासे टाकणं. तिसरा सायकोपॅथी. यात दुसऱ्याच्या दुःखाने काही हलत नाही, भीती कमी, मनात आलं की करून मोकळं आणि नंतर पश्चात्तापही नाही.

या अभ्यासातली गंमत अशी की ही २४५ माणसं तुरुंगातली नव्हती, कॉलेजात शिकणारी साधी मुलं-मुली होती. म्हणजे हे स्वभाव गजाआडच असतात असं नाही, ते वर्गात शेजारच्या बाकावरही असतात आणि थोड्याफार प्रमाणात आपल्यातही असतात. दुसरं म्हणजे हे तिन्ही एकमेकांशी नातं सांगत असले तरी एकच नव्हेत. तिघांत समान काय, तर दुसऱ्या माणसाबद्दलची बेफिकिरी. पण इंजिन वेगळं, म्हणून गाडी जाते तो रस्ताही वेगळा. आपण नेमके इथे चुकतो. 'वाईट माणूस' असा एकच साचा डोक्यात ठेवतो आणि सगळे गुन्हे त्या एका साच्यात ओततो.

आता एकेक रस्ता बघू.

नार्सिसिस्ट माणूस भडकतो कधी? १९९८ साली बुशमन आणि बाउमायस्टर या अमेरिकन संशोधकांनी मुलांना निबंध लिहायला दिले. मग काहींना शेरा दिला की इतका वाईट निबंध आम्ही क्वचितच वाचला असेल. (आपल्याकडे सबमिशनला हे रोज मिळतं, ते सोडा.) नंतर शेरा देणाऱ्याला कर्णकर्कश आवाजाचा झटका द्यायची संधी दिली. ज्यांच्यात नार्सिसिझम जास्त आणि ज्यांचा अपमान झालेला, त्यांनी सगळ्यात जोरात झटके दिले. पण ते अपमान करणाऱ्यालाच! तिऱ्हाइताच्या वाट्याला तो राग गेला नाही. स्वतःबद्दल नुसता चांगला आदर असलेली मुलंही अशी वागली नाहीत. म्हणजे 'नाही' ऐकल्यावर मुलीचा पाठलाग करणारा, भर वर्गात मार्क कमी दिले म्हणून सरांना धमकावणारा, याच्या मुळाशी बहुधा दुखावलेला फुगा असतो. तो फुगा फुटेपर्यंत हा माणूस मैफलीची शान असतो.

सायकोपॅथीचं तसं नाही. कॅनडाच्याच रॉबर्ट हेअर यांनी तुरुंगातल्या कैद्यांसाठी वीस मुद्द्यांची एक तपासणी तयार केली. प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण, एकूण चाळीस आणि उत्तर अमेरिकेत तीसच्या वर गेला की सायकोपॅथ मानायचं. त्रिकुटातल्या या तिसऱ्या भिडूचा गुन्ह्यांशी संबंध सगळ्यात पक्का निघतो, त्यातही मारहाण, धमकी आणि सुटून आल्यावर पुन्हा गुन्हा करणं याच्याशी. कारण ब्रेकच ढिले असतात.

मॅकियाव्हेलीपणाचा रस्ता तिसराच. हा सहसा हात उचलत नाही. याचे गुन्हे कागदावर होतात. खोट्या पावत्या, दुसऱ्याच्या नावावरचं काम, कुजबुज, कुणाला तरी परस्पर अडकवणं. आणि याला ब्रेक असतात, चांगले कडक!

हे ब्रेकचं प्रकरण डॅनियल जोन्स आणि पॉलहस यांनी २०१७ साली फार छान दाखवलं. पाच प्रयोग आणि मिळून १,७५० माणसं. एका प्रयोगात नाणं उडवून निकाल स्वतःच सांगायचा, पकडलं जाण्याची भीती जवळपास नाही. तिथे तिन्ही स्वभावांच्या लोकांनी लबाडी केली. दुसऱ्या प्रयोगात पकडलं तर शिक्षा होईल असं ठेवलं. तिथे मॅकियाव्हेली मंडळी सरळ झाली, नार्सिसिस्टही थांबले, लबाडी करत राहिले ते फक्त सायकोपॅथीकडे झुकलेले. तिसऱ्यात मॅकियाव्हेलींना आधी मानसिकदृष्ट्या दमवलं, तेव्हा मात्र त्यांचा हिशेब सुटला आणि धोका असूनही त्यांनी लबाडी केली. आणि नार्सिसिस्ट? स्वतःलाच फसवण्यात त्यांचा नंबर पहिला. आपण लबाडी केली हे त्यांना कित्येकदा स्वतःला पटतच नाही.

हे वाचलं आणि २००४ सालचं कोडं सुटलं. आमच्या खजिनदाराची वही वर्षभर कुणी बघितली नव्हती. नाणं त्याने उडवायचं, निकालही त्यानेच सांगायचा, असा प्रकार आम्हीच मांडून दिला होता. सतरा नंबरवाला काच फोडेल, फाडकन कानाखाली वाजवेल, पण महिनोन्‌महिने खोट्या पावत्या लिहीत बसणं त्याच्या तापट डोक्याला झेपणारं नव्हतं. गुन्हा एका जातीचा होता आणि आम्ही शोधत होतो दुसऱ्याच जातीचा माणूस.

मोठ्या जगातही हेच दिसतं. चार्ल्स शोभराज हे नाव तुमच्या आईवडिलांना नक्की माहीत असेल. त्याच्यावर कुठलं लेबल लावायचा मला अधिकार नाही, पण त्याच्या गुन्ह्यांची तऱ्हा बघा. १९७० च्या दशकात पर्यटकांशी मैत्री करायची, त्यांना गुंगीचं औषध द्यायचं, पासपोर्ट-पैसे लुटायचे, काहींचा जीव घ्यायचा. मार्च १९८६ मध्ये त्याने तिहारच्या पहारेकऱ्यांनाही औषध घातलेली मिठाई चारली आणि तो पळाला. महिन्याच्या आतच, ६ एप्रिलला, गोव्यात पर्वरीच्या एका रेस्टॉरंटमध्ये मुंबई पोलिसांच्या इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी त्याला पकडलं. झेंडे यांनी १९७१ मध्येही त्याला मुंबईत पकडलं होतं. हा माणूस काही दाढी वाढवून, सुरा घेऊन फिरत नव्हता. त्याला भेटलेल्या लोकांच्या आठवणीत राहिलं ते त्याचं गोड बोलणं. आणि शेवट कसा? १९९७ साली सुटून फ्रान्सला गेलेला हा माणूस २००३ साली आपल्या पायाने काठमांडूत आला, जिथे त्याच्यावर खुनाचा संशय होता. तिथे राजरोस कॅसिनोत दिसला, पकडला गेला, २००४ साली जन्मठेप झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये म्हातारपणी सुटला. कशासाठी आला असेल, ते त्यालाच ठाऊक. पण 'मला कोण पकडतंय!' हा तोरा किती महाग पडतो याचं दुसरं उदाहरण मला सुचत नाही.

याच्या उलट टोकाला रमण राघव. १९६८ साली मुंबईच्या फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांना डोक्यात घाव घालून मारणारा. रमाकांत कुलकर्णी यांच्या पथकाने त्याला पकडलं, फाशीची शिक्षा झाली. पण डॉक्टरांच्या मंडळाने तपासून सांगितलं की त्याला जुनाट स्किझोफ्रेनिया आहे. १९८७ मध्ये हायकोर्टाने ती शिक्षा जन्मठेपेवर आणली. लोक दोघांनाही 'सायको' म्हणून मोकळे होतात. पण एकाला भास होत होते, दुसऱ्याला सगळं स्वच्छ दिसत होतं! आजार वेगळा आणि काळा स्वभाव वेगळा. आणि हेही लक्षात ठेवा की मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसं कुणाच्या वाटेला जात नाहीत. रात्रभर जागणारा, कुणाशी न बोलणारा मुलगा आपल्या हॉस्टेलवर असेल तर त्याच्या खोलीची झडती घ्यायच्या आधी त्याच्याशी दोन शब्द बोला. कदाचित त्यालाच मदत हवी असेल.

आता तुम्ही म्हणाल, "सर, मग ॲडमिशनच्या वेळीच सगळ्यांची टेस्ट घ्या ना! तीसच्या वर स्कोअर आला की बाहेर!" इथे आपल्याच विषयातलं एक तत्त्व आठवा. हे स्वभाव म्हणजे चालू-बंदचं बटण नाही, तो व्होल्टमीटरचा काटा आहे. प्रत्येकाचा कुठेतरी असतोच. हेअर यांच्या अंदाजाप्रमाणे साध्या समाजात सायकोपॅथ साधारण एक टक्का आणि तुरुंगात पंधरा ते पंचवीस टक्के. म्हणजे तुरुंगातलेही तीन-चतुर्थांश लोक सायकोपॅथ नाहीतच! ते तिथे गेले ते कर्ज, दारू, संगत, गरिबी, एका क्षणाचा राग, अशा कितीतरी कारणांनी. उलट काटा बराच वर असूनही आयुष्यभर कायदा न मोडणारी माणसं आहेत. शिवाय प्रश्नावलीत खोटं लिहिणं हे ज्याला सगळ्यात चांगलं जमतं, त्यालाच तर आपण पकडायला निघालोय!

स्वभाव म्हणजे नुसता लोड समजा. मोडतं ते लोड आणि कच्चा जोड एकत्र आले की. डोनाल्ड क्रेसी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने पैशांची अफरातफर करणाऱ्या कैद्यांशी बोलून १९५३ साली एक पुस्तक लिहिलं. त्यातून जे निघालं त्याचे तीन कोन आज ऑडिटची पुस्तकं शिकवतात: कुणाला न सांगता येणारं दडपण, हाताशी असलेली संधी आणि 'मी काही चोर नाही, उसने घेतोय' असं स्वतःला दिलेलं समर्थन. यातला स्वभाव आपल्या हातात नाही. संधी मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

सत्यमचं उदाहरण इंजिनिअरिंगच्या पोरांना सांगायला नको. एकेकाळी कॅम्पसला सत्यम आली की वर्ग ओस पडायचे. ७ जानेवारी २००९ ला कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदात दाखवलेली पाच हजार कोटींहून जास्त रोकड अस्तित्वातच नाही. फरक सुरुवातीला किरकोळ होता, वर्षं गेली तसा वाढत गेला, असं त्यांचं म्हणणं. एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा सुनावली. पुढच्याच महिन्यात शिक्षेला स्थगिती मिळून जामीनही झाला. त्यांच्या मनात काय होतं हा वाद सोडून द्या. माझा प्रश्न वेगळा आहे. संचालक मंडळ होतं, मोठे ऑडिटर होते, मग बँकेत पैसे खरंच आहेत का हे नीट कुणी का पाहिलं नाही? प्रतिष्ठित माणसाला पावती मागणं म्हणजे त्याचा अपमान, असं आपल्याला वाटतं म्हणून! आम्हालाही खजिनदाराबद्दल तसंच वाटलं होतं.

एक गोष्ट राहिली आणि ती हॉस्टेलशी थेट संबंधित आहे. या त्रिकुटात अलीकडे चौथा भिडू धरतात, दुसऱ्याला त्रास देण्यात मजा वाटणं. २०१३ साली बकल्स, जोन्स आणि पॉलहस यांनी विद्यार्थ्यांना चार कामांतून एक निवडायला सांगितलं: किडे यंत्रात घालून चिरडायचे, चिरडणाऱ्याला मदत करायची, संडास साफ करायचा किंवा बर्फाच्या पाण्यात हात धरायचा. (किडे खरंतर मरत नव्हते, यंत्रात आड घातलेली होती.) साधारण चौथ्या हिश्श्याने किडे चिरडणं निवडलं आणि त्यांच्यात परपीडेची आवड जास्त निघाली. रॅगिंगमध्ये हेच घडतं. दहाजणांच्या घोळक्यात खरोखर मजा येणारे एक-दोनच असतात, बाकीचे हसतात ते आपली पाळी येऊ नये म्हणून. पण त्या हसण्यानेच एक-दोघांचं फावतं. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, दंड, कॉलेजातून हकालपट्टी आणि पाच वर्षं दुसरीकडेही प्रवेश नाही. कायदा हिशेबी माणसाला थांबवतो. ज्याला ब्रेकच नाही त्याला थांबवायला आजूबाजूच्या आठजणांनी हसणं बंद करावं लागतं.

म्हणजे करायचं काय? माझं मत साधं आहे. माणसं ओळखण्याच्या भानगडीत पडू नका. कसलेले मानसशास्त्रज्ञ तासन्‌तास बसून, कागदपत्रं तपासून हे काम करतात, तरी जपून बोलतात. आपण चहाच्या टपरीवर पाच मिनिटांत निकाल देतो! त्याऐवजी कृती बघा. मेसचा हिशेब, फेस्टचे पैसे, ट्रिपची वर्गणी, दोन सह्यांशिवाय हलू देऊ नका आणि दर आठवड्याला नोटीस बोर्डावर लावा, खजिनदार कितीही गोड असला तरी. जास्त करून गोड असला तर! हल्ली पैसे मोबाइलवरून येतात, पण ते एकाच मुलाच्या खात्यात जातात आणि त्या खात्याची वही आजही कुणी मागत नाही. 'मला कुणाचं नाव घ्यायचं नाही, पण...' असं कुणी म्हणालं की तिथेच थांबवून विचारा, तू स्वतः काय पाहिलंस ते सांग. तापट मुलाला त्याने फोडलेल्या काचेचा दंड जरूर करा, पण तेवढाच. न केलेल्या चोरीचा नको.

सतरा नंबरवाला आणि मी फायनल इयरला एकाच प्रॅक्टिकल बॅचमध्ये आलो. शेवटच्या सबमिशनच्या दिवशी मी धीर करून माफी मागितली. तो जर्नलवर कव्हर घालत होता. वर न बघता म्हणाला, "तुम्ही सातजण माझी ट्रंक उघडायला आलात. त्याची वही उघडायला एकाला तरी सुचलं का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याने माफ केलं की नाही, हे मला आजतागायत माहीत नाही.

आणि हो, तो लॅपटॉप अजून सापडलेला नाही. पोलिसांत तक्रार दिली आहे, जिन्यापाशी ये-जा लिहायचं रजिस्टर ठेवलंय आणि रूमला कुलूप न लावता आंघोळीला जाणाऱ्यांना मी दमही भरलाय. चोर कोण ते मला माहीत नाही. पण ताट फेकणारा तो मुलगा अजून हॉस्टेलवर आहे. परवा मेसमध्ये त्या चौघांपैकी एकजण त्याच्या शेजारी बसून जेवत होता. काय बोलत होते कुणास ठाऊक, बहुतेक सबमिशनचंच रडगाणं असेल.

– एक प्राध्यापक, यंत्र विभाग